कोणता टेक्स्ट एडिटर किती खातो, आणि कशासाठी

माझ्या लॅपटॉपमध्ये ४ जीबी रॅम आहे आणि फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क आहे. त्यावर लिनक्स चालते, आणि दिवसातले चार-पाच तास त्यावर कोणता ना कोणता टेक्स्ट एडिटर उघडा असतो. त्यात मी मराठी मजकुराचे मुद्रितशोधन करतो, मोठ्या शब्दसूच्या अकारविल्हे लावतो आणि त्या तपासण्यासाठी लहानसहान पायथन स्क्रिप्ट लिहितो. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे वीज वरचेवर जात होती. बॅटरीवर काम करताना माझ्या लक्षात आले की मी नुसता वाचत बसलेलो असतानाही, म्हणजे एकही कळ दाबत नसतानाही, एका एडिटरच्या वेळी पंखा फिरत राहतो आणि दुसऱ्याच्या वेळी लॅपटॉप अगदी गप्प असतो. मजकूर तोच, फाइल तीच, अक्षरे तेवढीच. हा फरक कशाचा, हे समजून घेण्यासाठी मी पुढचे काही आठवडे जमेल तसे मोजमाप करत राहिलो. त्यातून जे हाती लागले ते माझ्या पहिल्या अंदाजापेक्षा पुष्कळ वेगळे होते, आणि विशेषतः मराठी लिहिणाऱ्या माणसाने ते जाणून घ्यावे असे मला मनापासून वाटते.

सुरुवात सगळे जिथून करतात तिथूनच केली. टॉप हा प्रोग्राम उघडला आणि मेमरीचा रकाना पाहिला. नॅनो हा एडिटर पाच-सहा एमबीच्या घरात, कोणतीही सेटिंग नसलेला विम दहा एमबीच्या आसपास, स्वतंत्र खिडकीत उघडलेला ईमॅक्स शंभराच्या आगेमागे, आणि व्हीएस कोड एकही फाइल न उघडता काही शे एमबी. आकडे संगणकागणिक थोडे हलतील, पण उतरंड साधारण हीच राहील. हलका एडिटर चांगला की भारी, हा वाद बहुधा या उतरंडीवरच सुरू होतो आणि तिथेच संपतो.

पण हा आकडा दिसतो तितका सरळ नाही. टॉप ज्याला रेसिडेंट मेमरी म्हणतो तिच्यात त्या प्रोसेसने, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामने, इतरांबरोबर वाटून घेतलेली मेमरीसुद्धा पूर्ण धरलेली असते. दहा बिऱ्हाडांच्या वाड्यात विहीर एकच असते, पण प्रत्येक बिऱ्हाडाच्या मालमत्तेत ती अख्खी मांडली तर कागदावर दहा विहिरी होतात. व्हीएस कोड एका प्रोसेसमध्ये चालत नाही. मुख्य प्रोसेस वेगळी, प्रत्येक खिडकीची वेगळी, एक्सटेन्शनांची, म्हणजे वरून बसवलेल्या जोडण्यांची वेगळी, ग्राफिक्सची वेगळी, आणि या सगळ्या मिळून तीच लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा साठा, वापरतात. त्यामुळे रेसिडेंट आकड्यांची नुसती बेरीज केली तर त्याच्यावर थोडा अन्यायच होतो. लिनक्समध्ये यावर उपाय आहे: वाटून घेतलेल्या भागाचा प्रत्येकाला फक्त त्याचा हिस्सा लावणारा आकडा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतः देतो, आणि स्मेम नावाचा छोटा प्रोग्राम तो नीट मांडून दाखवतो. त्या हिशेबाने व्हीएस कोडचा आकडा खाली आला, पण उतरंड बदलली नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटली. मेमरी हा साठा आहे, खर्च नव्हे. कोठीत पडून असलेले धान्य जागा अडवते, पण रोज शिजत नाही. ज्याच्याकडे १६ जीबी रॅम आहे त्याच्या दृष्टीने चारशे एमबी ही जवळजवळ फुकटची गोष्ट आहे. माझ्या ४ जीबीत मात्र ब्राउझर, एडिटर आणि एखादी पीडीएफ उघडली की कोठी भरते, कर्नल मेमरीचे काही तुकडे स्वॉपमध्ये, म्हणजे डिस्कवर टाकतो, आणि मग एडिटरच्या खिडकीकडे परतल्यावर पहिले अक्षर उमटेपर्यंत तबकडीची खरखर ऐकत थांबावे लागते. हे थांबणे खरे आहे आणि कमी रॅमच्या यंत्रावर काम करणाऱ्या प्रत्येकाने ते सोसलेले आहे. तरीही पंखा का फिरतो, बॅटरी का उतरते, या माझ्या मूळ प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते. पंखा फिरतो तो प्रोसेसर काम करतो म्हणून.

एडिटरने कोणत्या गोष्टीची काटकसर करावी, हे त्या त्या काळातल्या टंचाईने ठरवलेले आहे. १९६९ मध्ये केन थॉम्प्सन यांनी युनिक्स या संगणकप्रणालीसाठी एड हा एडिटर लिहिला तेव्हा समोर पडदाच नव्हता, टेलिटाइप या छापणाऱ्या यंत्राचा कागद होता. म्हणून एड तुमचा मजकूर आपण होऊन दाखवत नाही, मागितलेली ओळ तेवढी छापतो, आणि चूक झाली तर केवळ एक प्रश्नचिन्ह उमटवतो. १९७६ मध्ये बर्कलीत बिल जॉय यांनी व्हीआय लिहिला तो घरून ३०० बॉडच्या मोडेमवर काम करताना. ३०० बॉड म्हणजे सेकंदाला सुमारे ३० अक्षरे. त्यांच्यासमोरच्या एडीएम-३ए टर्मिनलवर ८० अक्षरांच्या २४ ओळी, म्हणजे १,९२० अक्षरे मावत. अख्खा पडदा नव्याने रंगवायचा तर मिनिटाहून जास्त वेळ लागणार. त्यामुळे पडद्यावर आत्ता काय आहे, काय व्हायला हवे, आणि कमीत कमी किती अक्षरे पाठवून ते साधेल, याचा विचार व्हीआयला प्रत्येक कळीमागे करावा लागे. वायर वाचवण्यासाठी तिथे प्रोसेसर खर्ची पडत होता. आज आपण ज्याला हलकेपणाचा आदर्श मानतो त्या एडिटरची घडण अशी झाली आहे, आणि तिचा वारसा विमनेही पुढे चालवला.

ईमॅक्सची गोष्ट याच्या उलट टोकाची. १९८० च्या दशकात त्याच्या EMACS या नावातल्या अक्षरांचा विस्तार लोक इंग्रजीत 'आठ मेगाबाइट आणि सतत स्वॉपिंग' (Eight Megabytes And Constantly Swapping) असा करत. आठ मेगाबाइट ही त्या वेळी तक्रार करण्याजोगी रक्कम होती. आज माझ्या यंत्रावर ईमॅक्स मध्यम वजनाच्या गटात बसतो. त्याची मेमरी तेव्हापेक्षा पुष्कळ वाढलेली आहे, पण आजूबाजूचे त्याच्याहून जास्त वाढले आहेत.

ही वाढ मुख्यतः २०१४ नंतरची. त्या वर्षी गिटहब या कंपनीने ॲटम हा एडिटर आणला. त्याच्या बुडाशी जी चौकट होती तिलाच पुढे इलेक्ट्रॉन हे नाव मिळाले. इलेक्ट्रॉन म्हणजे क्रोमियम हा अख्खा ब्राउझर आणि ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारे नोड.जेएस यांची जोडणी. त्यात लिहिलेला एडिटर हे प्रत्यक्षात एक वेबपान असते. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याच चौकटीवर व्हीएस कोड आणला. ॲटम डिसेंबर २०२२ मध्ये बंद झाला, व्हीएस कोड मात्र घरोघरी पोहोचला. एकच प्रोग्राम विंडोज, मॅक आणि लिनक्सवर सारखाच चालतो, आणि वेबपाने बनवता येणारा कोणीही त्यासाठी एक्सटेन्शन लिहू शकतो, हा त्यातला फायदा. त्याची किंमत म्हणजे साधी टिपणे घ्यायलाही ब्राउझरचा सगळा संसार सोबत न्यावा लागतो. ॲटमच्या मूळ कर्त्यांपैकी काहींनी पुढे रस्ट भाषेत झेड हा एडिटर नव्याने लिहायला घेतला आणि त्यात ब्राउझर पूर्णपणे वगळून पडदा थेट ग्राफिक्स प्रोसेसरकडून रंगवून घेतला. ज्यांनी तो संसार थाटला त्यांनाच तो मोडून पुन्हा मांडावासा वाटला, याचा अर्थ त्याचे ओझे आतून पाहणाऱ्यांनाही जाणवत होते.

आता पंख्याकडे येतो. प्रोसेसर काही करायचे नसेल तेव्हा झोपतो, आणि जितकी जास्त वेळ सलग झोप मिळेल तितका गाढ झोपतो. गाढ झोपेत तो अगदी थोडी वीज घेतो. त्यामुळे बॅटरीच्या दृष्टीने एडिटरने किती काम केले याइतकेच त्याने प्रोसेसरला सेकंदातून किती वेळा उठवले याला महत्त्व आहे. तान्ह्या बाळाची झोप रात्रीतून एकूण आठ तास झाली तरी ती वीस तुकड्यांत झाली असेल तर घरात कोणाचीच झोप होत नाही, तसे हे आहे. पॉवरटॉप हा प्रोग्राम कोणती प्रोसेस सेकंदाला किती वेळा उठवते याची यादी देतो, आणि माझ्या मते एडिटरांची तुलना करण्यासाठी मेमरीच्या रकान्यापेक्षा ही यादी कितीतरी जास्त बोलकी आहे.

कर्सरचेच उदाहरण घ्या. लुकलुकणारा कर्सर अर्ध्या सेकंदाने दिसतो, अर्ध्या सेकंदाने लपतो. तासाभरात त्याची अवस्था ७,२०० वेळा बदलते. मार्च २०१७ मध्ये व्हीएस कोडच्या एका वापरकर्त्याने नोंदवले की खिडकी नुसती समोर उघडी असतानाही तो प्रोसेसरचा १३ टक्के वेळ घेत होता. कारण निघाले ते कर्सरचे लुकलुकणे. ते वेबपानांच्या ॲनिमेशनच्या पद्धतीने केलेले होते, आणि त्या पद्धतीत ब्राउझर सेकंदाला ६० वेळा चित्र नव्याने बनवत होता, मग त्यात काही बदललेले असो वा नसो. सेकंदाला ६० म्हणजे तासाला २,१६,००० वेळा. साध्या टायमरने तेच काम करता आले असते, आणि नंतर तसेच केले गेले. दोष सापडल्यावर तो उघडपणे चर्चिला गेला आणि दुरुस्त झाला, हे मला फार मोलाचे वाटते. पण हेही खरे की टर्मिनलमधल्या, म्हणजे नुसती अक्षरे दाखवणाऱ्या खिडकीतल्या, विमसारख्या दहा एमबीच्या एडिटरमध्ये असा दोष शिरायला जागाच नसते, कारण तिथे कर्सर लुकलुकवण्याचे काम मुळात एडिटरचे नसून टर्मिनलचे असते.

ईमॅक्समध्ये या बाबतीत एक सुंदर तपशील आहे. तुम्ही काहीच केले नाही तर त्याचा कर्सर दहा वेळा लुकलुकतो आणि मग स्थिर होतो. समोरचा माणूस वाचत असेल किंवा उठून गेला असेल, तर त्याला खुणावत राहण्याची गरज नाही, असा विचार कोणीतरी केला आणि तो सेटिंगच्या मूळ किमतीत लिहून ठेवला. मोजमाप करत असताना मला हे कळले आणि त्या न दिसणाऱ्या माणसाविषयी आदर वाटला.

माझ्या यंत्रावर पंखा फिरवणारा दोषी मात्र कर्सर नव्हता. मी शब्दसूच्यांचा अख्खा फोल्डर एडिटरमध्ये उघडत असे. त्या फोल्डरात स्कॅन केलेल्या पानांच्या हजारो प्रतिमा होत्या, आणि माझी एक स्क्रिप्ट तिथेच तात्पुरत्या फायली बनवत आणि पुसत होती. असे फोल्डर उघडले की आधुनिक एडिटर त्यातल्या प्रत्येक बदलावर लक्ष ठेवतो. लिनक्सवर यासाठी कर्नलकडे पहारे मागावे लागतात, आणि व्हीएस कोडच्याच माहितीपत्रकानुसार एकेक पहारा १,०८० बाइट मेमरी घेतो. कमाल ५,२४,२८८ पहारे लावले तर ते सुमारे ५४० एमबी होतात, म्हणजे माझ्या रॅमचा आठवा हिस्सा. शिवाय मी हौसेने बसवलेले एक शब्दतपासणीचे एक्सटेन्शन प्रत्येक बदलागणिक पुन्हा सगळी यादी चाळत होते. व्हीएस कोडच्या मदत मेनूत प्रोसेस एक्सप्लोरर म्हणून एक खिडकी आहे, तिच्यात हे काम कोणाकडे चालले आहे ते स्वच्छ दिसते. ते एक्सटेन्शन काढले, प्रतिमांचा फोल्डर पहाऱ्यातून वगळला, आणि पंखा थांबला. मोजण्यापूर्वी मी एडिटर बदलण्याच्या तयारीत होतो.

तुलना करताना न्याय कसा बिघडतो ते इथे मला समजले. लोक कोऱ्या विमची तुलना एक्सटेन्शनांनी भरलेल्या व्हीएस कोडशी करतात. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने भाषा-सर्व्हरसाठी एक सामाईक करार जाहीर केला, ज्यामुळे कोडमधल्या चुका दाखवणे, नावे सुचवणे, व्याख्येपर्यंत उडी मारणे ही कामे एडिटरबाहेरची एक वेगळी प्रोसेस करते आणि ती कोणत्याही एडिटरला जोडता येते. विमला तोच सर्व्हर जोडला की तो सर्व्हर तितकीच मेमरी खातो आणि तितकाच प्रोसेसर वापरतो. मोठ्या सी++ किंवा रस्ट प्रकल्पात तो खर्च एडिटरच्या स्वतःच्या खर्चाला सहज मागे टाकतो. अशा वेळी एडिटर कोणता हा प्रश्न दुय्यम होतो.

एडिटरच्या पोटात मजकूर कसा ठेवलेला असतो यावरही बरेच अवलंबून आहे. सरळ विचार केला तर मजकूर एका लांब पट्टीसारखा ठेवावा. पण मग सुरुवातीला एक अक्षर घुसवायचे तर पुढची सगळी पट्टी सरकवावी लागते. ईमॅक्सने यावर युक्ती केली की कर्सर असेल तिथे पट्टीत मोकळी जागा ठेवायची आणि कर्सर हलला की जागाही हलवायची. माणूस बहुतेक वेळा एकाच ठिकाणी टाइप करत राहतो, म्हणून ही साधी युक्ती आजही पुरते. व्हीएस कोड सुरुवातीला प्रत्येक ओळीसाठी एक वेगळी वस्तू बनवत असे. मग कोणीतरी ३५ एमबीची अशी फाइल उघडायला गेले, जिच्यात १ कोटी ३७ लाख ओळी होत्या. ओळी बारीक, पण प्रत्येकीमागे ४० ते ६० बाइटांचा व्याप, म्हणून नुसत्या ओळींच्या यादीलाच ६०० एमबी लागले. २०१८ मध्ये त्यांनी ती रचना बदलली. आता मूळ फाइल आहे तशी राहते, नवे लिहिलेले दुसरीकडे साठवले जाते, आणि कोणता तुकडा कोठून घ्यायचा याची नोंद एका वृक्षात ठेवली जाते. जुन्या रजिस्टरमध्ये खाडाखोड न करता पुरवणी जोडून समासात खूण करावी, तशी ही रीत आहे.

माझ्या शब्दसूचीसाठी हा बदल फार उपयोगाचा ठरतो, कारण सूची म्हणजे लाखो बारीक ओळीच.

आणि आता देवनागरी. तुलनांच्या लेखांत मजकूर बहुधा इंग्रजी असतो, आणि इंग्रजीच्या मापाने हलका ठरलेला एडिटर मराठीच्या मापाने काय ठरतो हे कोणी पाहत नाही. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या रूढ पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरी चिन्हाला तीन. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे, म्हणजे पंधरा बाइट. 'क्ष' हे डोळ्यांना एक अक्षर, पण त्यात क, पाय मोडण्याची खूण आणि ष अशी तीन चिन्हे, म्हणजे नऊ बाइट. व्हीएस कोड ज्या जावास्क्रिप्ट इंजिनावर चालतो ते मात्र एखादा मजकूर लॅटिन अक्षरांत मावत असेल तर चिन्हामागे एक बाइट देते, नाही तर दोन. म्हणून शुद्ध मराठी फाइल तिथे मेमरीत शिरताना तीनावरून दोनावर येते, आकसते. उलट इंग्रजी मजकुराच्या लांब तुकड्यात एकच मराठी नाव आले तरी तो सगळा तुकडा चिन्हामागे दोन बाइट घेतो. माझ्या सूच्यांत इंग्रजी अर्थ आणि मराठी शब्द शेजारी-शेजारी असतात, त्यामुळे हा दुप्पट दर मला सगळीकडेच लागतो. रकमेने हे फार नाही, पण इंग्रजी फाइलवर केलेले मोजमाप माझ्या फाइलला जसेच्या तसे लागू पडणार नाही एवढे त्यावरून दिसते.

खरा खर्च बाइटांचा नाही, अक्षर घडवण्याचा आहे. इंग्रजीत फाइलमधल्या क्रमाने अक्षरांची चित्रे शेजारी-शेजारी ठेवली की काम झाले. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी फाइलमध्ये व्यंजनानंतर असते आणि पडद्यावर त्याच्या आधी काढावी लागते. जोडाक्षरात ती सगळ्या जोडणीच्या डावीकडे जाते. 'र'चा तर प्रकार आणखी नाजूक. 'आचार्यांना' म्हणजे गुरुजनांना, आणि 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. पहिल्यात रफार डोक्यावर चढतो, दुसऱ्यात र य-ला आडव्या रेघेने चिकटतो, आणि हा फरक दाखवण्यासाठी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या संकेतात, नुक्त्याचा ऱ वेगळा वापरला जातो. कोणत्या चिन्हांचा गट एक अक्षर होतो, त्यातले काय कुठे सरकते, फॉन्टमधले कोणते जोडचित्र वापरायचे, हे सगळे प्रत्येक शब्दासाठी ठरवणारी लायब्ररी म्हणजे हार्फबझ. क्रोमियम तीच वापरतो, म्हणून व्हीएस कोडला ती आपोआप मिळते. ईमॅक्सने २०२० मध्ये, २७ व्या आवृत्तीपासून, तिलाच पहिली पसंती दिली.

बहुतेक टर्मिनलांत मात्र हे काम अर्धवट होते. टर्मिनल हा मुळात चौकटींचा तक्ता आहे: एक अक्षर, एक चौकट. व्हीआयने ज्या तक्त्याची काटकसर केली तोच हा. त्यात 'स्त्री' बसवायची कोणत्या चौकटीत? म्हणून वेलांटी भलतीकडे जाते, जोडाक्षर सुटून पायमोडके दिसते, आणि कर्सर जिथे दिसतो तिथे प्रत्यक्षात नसतो. मुद्रितशोधनात याचा अर्थ असा की आचाऱ्यांचा आचार्य झाला आहे की नाही हे डोळ्यांनी ठरवता येत नाही. टर्मिनलमधल्या एडिटरचे दहा एमबी मी पूर्वी निखळ काटकसर समजत होतो. मराठी मजकुरापुरते तरी त्यातले काही न केलेले काम आहे, आणि ते काम माझ्या डोळ्यांवर येऊन पडते.

हे काम करणाऱ्या एडिटरलाही ते स्वस्तात पडत नाही, आणि त्याची रचना आपल्याला धरून झालेली नसते. व्हीएस कोडमध्ये ओळ निव्वळ साध्या इंग्रजी अक्षरांची असेल आणि फॉन्ट समान रुंदीचा असेल तर कर्सर कुठे काढायचा हे तो गुणाकाराने ठरवतो: तेरावे अक्षर म्हणजे तेरा गुणिले रुंदी. ओळीत देवनागरी आली की हा जवळचा रस्ता बंद होतो. मग त्याला ब्राउझरला विचारावे लागते की हे अक्षर तू नेमके कुठे काढलेस, आणि ब्राउझरने ते मोजून सांगेपर्यंत थांबावे लागते. माझ्या काही जुन्या फायलींत अख्खा परिच्छेद एकाच ओळीत असतो, दोन-तीन हजार चिन्हांचा. तिथे बाण दाबून धरला की कर्सर किंचित मागे रेंगाळतो, आणि तेवढ्याच लांबीच्या इंग्रजी ओळीत रेंगाळत नाही. डोळ्यांना जाणवलेली ही गोष्ट मी सुरुवातीला भास समजलो होतो.

कर्सरने किती पुढे जायचे हाही प्रश्न आहेच. युनिकोडच्या नियमांत 'क्ष' पूर्वी दोन तुकड्यांत मोडत असे, पाय मोडलेला क आणि ष. सप्टेंबर २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत भारतीय लिप्यांतली जोडाक्षरे अखंड धरण्याचा नियम आला. एडिटर तो नियम पाळतो का, हे बाण एकदा दाबून लगेच कळते, आणि मी आता कोणताही नवा एडिटर पाहताना मेमरीच्या आधी हे करून पाहतो.

विजेचे प्रत्यक्ष मोजमापही केले. इंटेलच्या प्रोसेसरांत २०११ पासून स्वतःच्या ऊर्जेची नोंद ठेवणारा मोजक असतो आणि लिनक्सवर तो परफ या प्रोग्रामने वाचता येतो, मात्र त्यासाठी प्रशासकाचे अधिकार लागतात. पद्धत साधी ठेवली: एडिटर उघडायचा, दोन मिनिटे स्थिरावू द्यायचा, मग दहा मिनिटे हात न लावता मोजायचे, मग तीच पाने तेवढाच वेळ सरकवत मोजायचे. पहारे आणि एक्सटेन्शने आवरल्यानंतर, हात न लावलेल्या दहा मिनिटांत सगळ्या एडिटरांमधला फरक इतका लहान झाला की वायफाय चालू-बंद केल्याने त्याहून जास्त फरक पडत होता. पाने सरकवताना मात्र ब्राउझरवर चालणारा एडिटर स्पष्टपणे जास्त घेत होता. आणि पडद्याचा उजेड दोन पायऱ्यांनी कमी केल्यावर बॅटरीचा जो अंदाजित वेळ वाढला, तेवढा एडिटर बदलून कधीच वाढला नाही.

सध्या माझी वाटणी अशी आहे. पायथनच्या स्क्रिप्ट आणि कॉन्फिगरेशनच्या फायली मी टर्मिनलमध्ये विमने लिहितो, कारण त्यात देवनागरी जवळजवळ नसते आणि तो डोळे मिटून उघडण्याआधी सुरू होतो. मराठी मजकूर खिडकीतल्या ईमॅक्समध्ये उघडतो. तो माझ्या ४ जीबीत ब्राउझरच्या शेजारी मावतो, अक्षरे नीट घडवतो आणि मी वाचत असलो की कर्सर थांबवून गप्प बसतो. व्हीएस कोड काढून टाकलेला नाही. दोन आवृत्त्यांची ओळ-ओळ तुलना करायची असते तेव्हा तो उघडतो, त्याआधी ब्राउझर बंद करतो, आणि फोल्डरऐवजी त्या दोन फायलीच उघडतो. लांब ओळींच्या जुन्या फायलींसाठी एक स्क्रिप्ट लिहिली आहे, ती परिच्छेद वाक्यागणिक ओळींत मोडते आणि काम झाल्यावर पुन्हा जोडते. पूर्णविरामानंतरची मोकळी जागा तिला अजून काही ठिकाणी ओळखता येत नाही, विशेषतः 'डॉ.' आणि 'इ. स.' यांच्यापाशी, आणि या आठवड्यात तेच दुरुस्त करत आहे.